बंपरला लोखंड नको, ओट्याला रबर लावा



गेले पंधरा दिवस काट्यावर मासळीच्या दरापेक्षा बंपरचीच चर्चा जास्त चाललीय. आपल्या एका सभासदानं कर्ज काढून जुनी गाडी घेतली. पांढरी, दिसायला नव्यासारखी. पूजा झाली, पेढे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी मागच्या बंपरवर हे एवढाले चार चरे! त्यानं ग्रुपवर फोटो टाकला, खाली हळहळणाऱ्यांची रांग लागली. त्यातूनच मागणी पुढं आली की सोसायटीनं प्रत्येक गाडीवाल्या सभासदाला मागचा लोखंडी गार्ड बसवायला तीन हजारांची उचल द्यावी आणि मासळीच्या बिलातून हप्त्यानं कापून घ्यावी.

आम्हा पेज चालवणाऱ्यांना ही मागणी पटत नाही. येत्या बैठकीत विषय निघणार आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतोय. हे आमचं मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. ज्याला पटणार नाही त्यानं खाली खुशाल लिहावं, फक्त एकमेकांच्या गाड्या काढू नका.

"एवढ्याशा चऱ्याचं काय घेऊन बसलात, मासळी विकायची का गाडी मिरवायची?" असंही काही जुनी मंडळी म्हणतात. त्यांना एवढंच सांगायचं की आता प्रत्येकाकडं दोन-दोन गाड्या नसतात. पहाटे हिडकलच्या काठावरून रोहू-कटला घेऊन येणारी गाडीच दुपारी धुऊन, उदबत्ती फिरवून पाहुण्यांच्या लग्नाला जाते. चार वर्षांनी ती विकायला काढली की एजंट पहिल्यांदा मागं जाऊन बंपरवर हात फिरवतो आणि त्या चऱ्यांवर बोट ठेवून पाच हजार उतरवतो. त्यामुळं ज्यानं कर्ज काढलंय त्याचं पोट दुखतं, ते खरंच दुखतं. (पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याची मासळी न्यावी का, हा वेगळा आणि अवघड विषय आहे. त्यावर कधीतरी सवडीनं लिहू.)

आता मुद्द्यावर. हे चरे येतात कुठून? आम्ही दोघं-तिघं सलग दोन दिवस पहाटे साडेचारला काट्यावर जाऊन नुसते उभे राहिलो. कोण काय करतंय ते बघितलं. कुणाची नावं घेत नाही, कारण नावं घ्यायची तर सगळ्यांचीच घ्यावी लागतील, आमच्यासकट.

पहिली गोष्ट आपला काँक्रीटचा ओटा. ओट्याची कड कधी बांधली तेव्हा गोल असेल, आता तुटून दातेरी झालीय. मध्ये एके ठिकाणी सळीचं टोक बाहेर आलंय. क्रेट उचलून दोन पावलं चालायला नको म्हणून प्रत्येक जण गाडी मागं घेत घेत अगदी ओट्याला टेकवतो. मागं एक पोरगा उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास्स!" करतो. त्याचं बास्स नेहमी दोन इंच उशिरा येतं. अंधार, बर्फाची वाफ, आणि तो स्वतः अजून अर्धा झोपेत. त्याचा काय दोष?

दुसरी गोष्ट क्रेट. क्रेट कुणी उचलून डिकीत ठेवत नाही, त्याची कड बंपरवर टेकवतात आणि आत ढकलतात. नव्या क्रेटचा तळ गुळगुळीत असतो, पण आपल्याकडचे निम्मे क्रेट कोपऱ्याला फुटलेत आणि फुटलेलं प्लास्टिक सुरीसारखं धारदार होतं. थर्माकोलचा बॉक्स मऊ, तो काय ओरखडणार, असं आम्हालाही वाटायचं. बॉक्स उलटा करून बघितला तर खाली काठावरची वाळू आणि खडी चिकटून बसलेली. वीस-पंचवीस किलो वजन वर, खाली वाळू, आणि वरून ओढायचं. म्हणजे पॉलिश पेपरच झाला की!

म्हणजे चरे रस्त्यावर येत नाहीत, ओट्यावर येतात. मग मागून कुणी धडकलं तर अडवायला केलेला गार्ड इथं काय कामाचा? गार्ड असतो बंपरच्या मागच्या बाजूला. क्रेट घासतो बंपरच्या वरच्या सपाट भागावर. बहुतेक गार्ड तो भाग झाकतही नाहीत. उलट गार्डामुळं ओटा आणि डिकी यांतलं अंतर आणखी वीतभर वाढतं, आणि क्रेट आणखी लांबून ढकलावा लागतो.

गार्डाबद्दल आमची दुसरी तक्रार अनुभवाची आहे. मागच्या हिवाळ्यात आपल्याच एका सभासदाच्या गाडीला बाजारात मागं येणाऱ्या टेम्पोनं हलकासा धक्का दिला. गार्डाला काही झालं नाही, साधा वाकलासुद्धा नाही. पण गार्ड ज्या पट्ट्यांवर बोल्ट मारून बसवला होता, त्या पट्ट्यांनी मागचा पत्रा आत दाबला आणि डिकीचं दार अडकलं. आत पाच क्रेट. मागची सीट पाडून मधल्या दारातून एकेक क्रेट काढेपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि माल पडेल त्या भावानं द्यावा लागला. नुसता प्लास्टिकचा बंपर असता तर तो दबला असता, फार तर फुटला असता. तो असतोच त्यासाठी. लहान धक्का त्यानं खायचा आणि पत्र्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही. लोखंडाचा गार्ड तोच धक्का न खाता पुढं ढकलतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून ॲम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीचा बंपर आहे. तो लोखंडी, वरून चकाकता मुलामा, ठोकला तर समोरच्याचं नुकसान. त्या काळी गाडीला गाडी लागली तर लोक हसून पुढं जायचे. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, त्याच्या कितीतरी आधीच बाकीच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे झाले होते आणि त्यांना गाडीच्याच रंगाचा रंगही लागला. मार खायला केलेल्या वस्तूला नवरीसारखं नटवून ठेवलं आणि मग तिला चरा पडला म्हणून आपण रडत बसलो. कंपन्यांनी केलेली ही गंमत आहे, आपण ती निस्तरतोय.

कायद्याचंही बघा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. त्याला आधार आहे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तसाच निकाल दिला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि अशा बदलासाठी मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रोज कोण पकडतंय, असं म्हणाल. खरंय, सहसा कोणी विचारत नाही. पण आपण सीमेवरची माणसं. सकाळी केए २३ ची गाडी कोगनोळीच्या पलीकडं, दुपारी एमएच ०९ ची गाडी अलीकडं. दोन राज्यांचे पोलीस, दोन आरटीओ. कुणालाही पावती फाडायला कारण लागतं आणि बाहेरच्या पासिंगची गाडी लांबूनच दिसते. ते कारण आपण स्वतःच बोल्ट मारून गाडीला लावायचं आणि त्यासाठी सोसायटीनं उचल द्यायची? पंधरा गाड्या धरल्या तर ४५,००० रुपये होतात. आपल्या सोसायटीला ही रक्कम छोटी नाही. तेवढ्यात मत्स्यबीज येतं, जाळं येतं.

"इन्शुरन्स आहे की" असंही एक जण म्हणाला. त्याचाही हिशेब करून बघू. ज्यांचा फक्त थर्ड पार्टी आहे, आणि आपल्यात तेच जास्त, त्यांना स्वतःच्या बंपरचे काहीच मिळत नाहीत. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांना प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापून पैसे मिळतात. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरायचे असतात. समजा नवा बंपर ४,००० चा. निम्मे गेले, उरले दोन हजार, त्यातले हजार गेले. हातात हजार आले, आणि त्यासाठी नो क्लेम बोनस घालवला, जो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. झिरो डेप घेतलेल्याची गोष्ट वेगळी, पण आपल्या वयाच्या गाड्यांना ते सहसा कोणी देत नाही. चऱ्यासाठी क्लेम करू नका.

मग करायचं काय? होडीकडं बघा. मालवणला, वेंगुर्ल्याला कधी गेला असाल तर बंदरात होड्यांच्या कडेला जुने टायर टांगलेले बघितले असतील. दोन होड्या एकमेकींना लागल्या की मध्ये टायर येतो. कुणी होडीला लोखंडाचा गार्ड लावत नाही. आणि नीट आठवून बघा, धक्क्याच्या भिंतीलाही टायर असतात. कारण धक्का एक आणि होड्या शंभर. शंभर होड्यांना गादी लावण्यापेक्षा एका धक्क्याला लावणं स्वस्त पडतं. एवढी साधी गोष्ट आपल्या धंद्यातल्याच माणसांना माहीत आहे, आणि आपण ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन गार्डाचे भाव विचारतोय!

म्हणून आमची मागणी अशी की ओट्याच्या कडेला रबर लावा. ट्रकचा जुना टायर मधून कापून, सपाट करून, कडेवर बोल्टनं आवळायचा. बोल्टाचं डोकं रबरात आत बुडालं पाहिजे, नाहीतर तेच ओरखडणार. आपल्या भागात साखर कारखाने पावलोपावली आहेत. त्यांचे कन्व्हेअर बेल्ट जुने झाले की भंगारात निघतात. तो बेल्ट मिळाला तर टायरपेक्षाही बरा, कारण तो आधीच सपाट असतो आणि आत कापडाचे थर असल्यानं फाटत नाही. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला भंगारवाल्यांकडं चौकशी करायला हरकत नाही. बाहेर आलेली सळी आधी कापून, वर सिमेंट मारून घ्यायचं, हे वेगळं सांगायला नको.

पण नुसत्या रबरानं भागणार नाही. ओट्यापासून थोड्या अंतरावर जमिनीत एक आडवा ठोकळा पक्का करायचा, मागचं चाक त्याला लागलं की गाडी थांबली. चाक थांबलं तेव्हा बंपर ओट्यापासून वीतभर लांब राहिला पाहिजे. प्रत्येक गाडीचं चाकापासून बंपरपर्यंतचं अंतर वेगळं असतं. ओम्नी, ईकोची शेपटी आखूड, लांब गाड्यांची जास्त. म्हणून ज्या गाडीची शेपटी सगळ्यात लांब, तिच्या मापानं ठोकळा बसवायचा. आखूड गाडीवाल्यांना मध्ये जरा जास्त फट पडेल. त्यासाठी एक रुंद फळी ठेवायची, एक टोक ओट्यावर, दुसरं टोक डिकीच्या आतल्या तळावर. बंपरवर नाही! फळी बंपरवर टेकवली तर सगळं मुसळ केरात. ठोकळा झाला की त्या पोराचं "बास्स"सुद्धा वाचेल, तो तेवढ्या वेळात चहा आणू शकेल.

हे सगळं एकदाच करायचंय आणि खर्च गार्डाच्या रकमेच्या आसपासही जाणार नाही.

आता ज्याचं त्यानं गाडीला काय करावं, तेही सांगतो. सगळ्यात स्वस्त आणि आम्ही स्वतः वापरून बघितलेला उपाय म्हणजे ट्रकची जुनी ट्यूब. पंक्चरवाल्याकडं फुटकी ट्यूब जवळपास फुकट मिळते. ती उभी चिरून सपाट करायची, डिकीच्या तोंडाएवढी रुंद कापायची, आणि लांबी अशी ठेवायची की अर्धी आत डिकीत आणि अर्धी बंपरवरून खाली लोंबेल. आतल्या भागावर पहिला क्रेट बसला की त्याच्या वजनानं ट्यूब सरकत नाही. भरून झालं की बाहेरचा भाग आत दुमडायचा आणि दार लावायचं. तो बाहेर लोंबत ठेवून गाडी चालवायची नाही, कारण खाली सायलेन्सर तापतो आणि नंबरप्लेट, रिफ्लेक्टर झाकले जातात. शिवाय काळं रबर उन्हात पांढऱ्या रंगावर तासन्‌तास चिकटून राहिलं तर डाग पडतो, तो मग जात नाही. रोज ट्यूबच्या दोन्ही बाजू पाण्यानं धुवायच्या. खालच्या बाजूला वाळू राहिली तर ट्यूब असून नसल्यासारखी.

बारदान टाकू नका. निपाणीत तंबाखूच्या धंद्यामुळं बारदानाला तोटा नाही, म्हणून आपले बरेच जण तेच अंथरतात. पण तागाच्या विणीत वाळू अडकते, ओलं झालं की ते जड होऊन बंपरवर मागं-पुढं घासतं, आणि वास तर विचारूच नका.

पारदर्शक फिल्मही मिळते. चांगली फिल्म बरी टिकते, स्वस्तातली दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि काढताना डिंक राहतो. लावायचीच असेल तर फक्त बंपरच्या वरच्या पट्टीला लावा, सगळ्या बंपरला नको. आधी साबणानं स्वच्छ धुऊन, वाळवून, मग साबणपाण्याचा फवारा मारून फिल्म सरकवत बसवायची आणि मधलं पाणी प्लास्टिकच्या पट्टीनं बाहेर काढायचं. पुढं एक दिवस गाडी धुवायची नाही. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना मागं पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते छोटे गोल ठिपके फिल्मनं, पट्टीनं किंवा रंगानं झाकू नका, नाहीतर गाडी उगाच ओरडत राहील किंवा ओरडायचंच सोडून देईल.

पडलेल्या चऱ्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरातच आहे, रबिंग कंपाउंडनं बराचसा जातो. नख अडकलं तर घासून उपयोग नाही, रंगच लावावा लागेल. तो लावणाऱ्याला आधी विचारा, प्लास्टिकचा प्रायमर मारणार का? प्लास्टिकवर साधा प्रायमर धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात. आणि जो अजून गाडी घ्यायचा विचार करतोय, त्यानं काळ्या, बिनरंगी बंपरची गाडी बघावी. शोरूमवाला तिला खालचं मॉडेल म्हणतो. आपल्या कामाला तेच वरचं. त्यावर चरा पडला तरी काळ्यात काळं, दिसत नाही.

एक गोष्ट मात्र चर्चेत कुणीच काढली नाही. बंपर प्लास्टिकचा आहे, त्याला गंज चढत नाही. गंज चढतो तो बंपरच्या वरच्या पत्र्याला, डिकीच्या उंबऱ्याला, जिथं दार टेकतं. क्रेट ढकलताना त्याचाही रंग जातो, आणि वर रोज बर्फाचं पाणी. देवगड-निपाणी रस्त्यानं येणारी समुद्राची मासळी जे सभासद नेतात, त्यांच्या क्रेटचं पाणी तर खारं. आपण बंपरचे चरे मोजत बसतो आणि उंबरा आतून पोखरला जातो. रबराची पट्टी काढून बघा, काहींच्या गाडीत तिथं बोट जाईल. बंपर बदलता येतो, उंबरा कापून वेल्डिंग करावा लागतो. रोज खेप झाली की गोड्या पाण्याची एक बादली उंबऱ्यावर ओता आणि फडक्यानं कोरडा करा. रंग गेलेल्या जागी आजच प्रायमरचा हात द्या.

पुढच्या आठवड्यात जून लागतोय. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे तलावाच्या मासळीला मागणी आणि आपल्या ओट्यावर गर्दी. त्यात पाऊस, चिखल, आणि पहाटेचा अंधार आणखी दाट. ओट्याचं काम त्याआधी झालं पाहिजे, सिमेंट वाळायलाही दिवस लागतात.

रविवारी सकाळी आठला काट्यावर या. येताना आपापल्या गाडीचं मागच्या चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचं माप घेऊन या, चाकाच्या मागच्या कडेपासून, मधल्या नटापासून नको. ज्यांच्या घरी ट्रकचा जुना टायर पडलाय त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा, न्यायला टेम्पो पाठवतो. बोल्ट आणि ड्रिल मशीन आमच्याकडं आहे. बेल्ट कापायला धारदार पात्याचा कुणीतरी लागेल.